न जन्मलेल्या जिवाचा कैवार

शाळेच्या वार्षिक अंकांत हा विषय कां काढावा, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. विषय अवघड आहे खरा. परंतु ज्या गोष्टीविषयीं घरांत वडील माणसें बोलत नाहींत व वर्गांत शिक्षक बोलत नाहींत, ती मुलें कानगोष्टींतून शिकतात, आणि तें शिक्षण बहुधा वाईट असतें. म्हणून गर्भांतील जिवाचें मोल काय, व त्याच्या संबंधानें ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य काय, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मनुष्याचें मोल त्याच्या विद्येवर, कमाईवर किंवा कुळावर ठरत नाहीं. देवानें त्यास आपल्या प्रतिरूपाचें निर्मिलें, यावर तें ठरतें; ही ख्रिस्ती श्रद्धेची पहिली शिकवण होय. हें मोल जन्माच्या दिवशीं अकस्मात् त्यास येऊन चिकटत नाहीं. एकशें एकोणचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता देवाचे उपकार आठवूं लागतो, तेव्हां आपण आईच्या उदरांत असतांनाच देवाची दृष्टि आपणांवर होती, हेंही तो कृतज्ञतेनें आठवतो. सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, आपला तारणारा प्रौढ पुरुषाच्या रूपानें एकाएकीं प्रगट झाला नाहीं. तो एका गरीब मातेच्या उदरांतून आला. ज्या वाटेनें खुद्द प्रभु आला, त्या वाटेवरील कोणत्याही जिवास आम्हीं क्षुद्र कसें म्हणावें?

येथवर आमचे बहुतेक वाचक आमच्याशीं सहमत होतील. परंतु येथेंच थांबणें फार सोपें आहे. "हें पाप आहे" असें सांगावयास कांहीं खर्च येत नाहीं. खर्चाचा भाग पुढेंच आहे, आणि तो आमच्याच प्रांतांतील एका दांपत्यानें कसा सोसला, तें विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावें.

एकोणिसाव्या शतकांत उच्च म्हटल्या जाणाऱ्या जातींतील मुली बालपणींच विधवा होत. सन १८५६ च्या कायद्यानें त्यांच्या पुनर्विवाहास मोकळीक दिली होती, परंतु समाजानें दिली नव्हती. अशी एखादी विधवा कोणाच्या फसवणुकीस बळी पडून गरोदर राहिली, म्हणजे फसविणारा पुरुष उजळ माथ्यानें फिरे, आणि तिच्यापुढें मात्र गर्भपात, बालहत्या किंवा विहीर एवढ्याच वाटा उरत. सन १८६० च्या दंडसंहितेनें गर्भपात व बालहत्या यांस शिक्षा ठरविल्या. तरीही हीं कृत्यें होतच राहिलीं. कारण कायदा शिक्षेचें भय घालूं शकतो, पण लोकलज्जेचें भय काढूं शकत नाहीं.

अशा काळीं, सन १८६३ त, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास आपल्या राहत्या घरींच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडिलें. अडलेल्या विधवेनें तेथें गुप्तपणें येऊन बाळंत व्हावें, आणि मूल आपल्याबरोबर न्यावें किंवा तेथेंच ठेवून जावें, अशी सोय त्यांनीं केली. तेथें बाळंत झालेल्या काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या निपुत्रिक दांपत्यानें सन १८७४ त दत्तक घेतला व त्याचें नांव यशवंत ठेविलें. यशवंत पुढें डॉक्टर झाला. सन १८९७ त पुण्यास प्लेगनें थैमान घातलें, तेव्हां त्यानें आईच्या सांगण्यावरून रोग्यांची सेवा केली. आणि त्याच सेवेंत असतां सावित्रीबाईंस प्लेग होऊन त्या त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत निवर्तल्या. ज्या बालकास जगांत जागाच नाहीं असें समाजानें ठरविलें होतें, त्यास एका घरानें जागा दिली. आणि संकटकाळीं तेंच बालक त्या समाजाच्या उपयोगी पडलें.

जोतीराव हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेचे विद्यार्थी होते. त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. उलट, जें कार्य ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं आधीं करावयाचें तें त्यांनीं केलें, याची आम्हांस थोडी लाजच वाटली पाहिजे. पुढें पंडिता रमाबाईंनीं केडगांवास कृपासदन उघडून समाजानें पतित ठरविलेल्या स्त्रियांस आसरा दिला, तेव्हां ख्रिस्ती नांवास शोभेल असें उदाहरण आपणांसही मिळालें.

शास्त्रांतही याच मासल्याची एक गोष्ट आहे. मरीया गरोदर असल्याचें योसेफास कळलें, तेव्हां तिला गुपचुप सोडून देण्याचा त्याचा बेत होता. नीतिमान् मनुष्य म्हणून गांवानें त्यास दोष दिला नसता. परंतु देवाचा निरोप ऐकून त्यानें तिला आपल्या घरीं आणिलें. प्रभु येशूच्या जन्माआधीं त्याच्यासाठीं मनुष्यानें केलेली ही एक मोठी सेवा होय, आणि तींत उपदेशाचा एकही शब्द नव्हता. केवळ एक दार उघडलें होतें.

आज काळ पालटला आहे. पण "नकोसें" हा शब्द गेलेला नाहीं. पूर्वी नकोसें होतें तें विधवेचें मूल. अलीकडे अनेक घरांत विवाहित आईच्या पोटांतली मुलगी नकोशी झाली. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत मुली सन २००१ त ९१३ होत्या, त्या सन २०११ च्या शिरगणतींत ८९४ झाल्या. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें सन १९८८ त, व अखिल देशानें सन १९९४ त केला असूनही हें घडलें. सातारा जिल्ह्यांत तर "नकोशी" हेंच नांव घेऊन वाढणाऱ्या दोनशेंहून अधिक मुली निघाल्या; सन २०११ त त्यांस समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. आपल्या जन्मानें कोणास आनंद झाला नाहीं, हें आपल्याच नांवांतून रोज ऐकणाऱ्या त्या मुलींचा विचार आमच्या वाचकांनीं करावा.

आतां एक आक्षेप प्रामाणिकपणें विचारांत घेतला पाहिजे. मातेच्या जिवावर बेतलें असतां काय करावें? बलात्कारानें गांजलेल्या मुलीस काय सांगावें? देशाच्या सन १९७१ च्या कायद्यानें अशा व इतर कांहीं प्रसंगीं गर्भपातास परवानगी दिली असून सन २०२१ त तिची मर्यादा वाढविली आहे. ख्रिस्ती मंडळ्यांचेंही येथें एकमत नाहीं. रोमन कॅथॉलिक मंडळी बुद्ध्या केलेला गर्भपात कधींच मान्य करीत नाहीं, तर अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मातेच्या प्राणसंकटीं तो अपवाद मानितात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, माता व बालक हे दोन्ही जीव देवाचेच आहेत; एकाचा कैवार घेतांना दुसऱ्यास तुडवूं नये. अशा संकटांत सांपडलेल्या स्त्रीकडे बोट दाखविणें हा ख्रिस्ताचा मार्ग नव्हे. धोंडे घेऊन उभे राहिलेल्या जमावास त्यानें काय उत्तर दिलें, तें सर्वश्रुत आहे.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, "असें कांहीं केलेंस तर घरांत पाऊल ठेवूं नकोस," हें वाक्य मुलीस कधींही ऐकवूं नये. तें शीलाचें रक्षण करीत नाहीं. तें संकटकाळीं घराचें दार लाविलेलें असेल, एवढेंच तिला शिकवितें. आमच्या मंडळ्यांनीं उपासनेस आलेल्या कुमारी मातेकडे पाहून कुजबुजणें सोडावें, आणि तिच्या बाळाचें दूध, औषध व पुढें त्याची फी यांची तजवीज करावी. विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही सांगणें आहे: जो मुलगा स्त्रीचा मान राखितो व आपल्या कृत्याची जबाबदारी टाळीत नाहीं, तो न जन्मलेल्या जिवाचा खरा कैवारी होय.

गर्भांतील बालकास मत मांडतां येत नाहीं, अर्ज करितां येत नाहीं, रडतांसुद्धां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलणें हें आपलें कर्तव्य आहेच. परंतु ज्यानें त्याच्या आईसाठीं आपलें दार उघडिलें नाहीं, त्याच्या बोलण्यास देवाच्या दरबारीं किती किंमत मिळेल, याचा विचार आपण प्रत्येकानें आपल्याशींच करावा.