आधी माणूस मोजा, मग गाडी

रात्री मेस आटोपल्यावर आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. दोन-चार तरी गाड्या 'मॉडिफाय' केलेल्या दिसतील. कुणी सायलेन्सर कापलाय, कुणी मडगार्ड काढून ठेवलंय, कुणी तर एअर फिल्टरच काढून टाकलाय. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पिकअप वाढतो!" किती वाढतो? कसा मोजला? यावर मात्र सगळे गप्प. आवाज वाढला म्हणजे पिकअप वाढला, असं आपण मेकॅनिकलवालेसुद्धा मानून चालतो, याची मला खरंच गंमत वाटते.

गाडीत बदल करण्याला माझा विरोध नाही. उलट इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्पॅनर हातात घेतलाच पाहिजे. माझं म्हणणं इतकंच, की बदल कोणासाठी करायचा हे आधी ठरवा. त्यासाठी मी एक उदाहरण घेते, ज्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. चाळिशी ओलांडलेल्या हौशी रायडरला मोटोक्रॉसमध्ये उतरायचं आहे. त्याच्यासाठी हलकी डर्ट बाइक कशी तयार करायची?

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या, चढ-उताराच्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर एकाच वेळी सुटणाऱ्या गाड्यांची शर्यत. हाच खेळ स्टेडियममध्ये माती टाकून, कृत्रिम उंचवटे करून खेळला की त्याला सुपरक्रॉस म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले असतील. त्या पहिल्या हंगामात ४५० सीसी, २५० सीसी आणि लहान मुलांसाठी ८५ सीसी असे गट होते. म्हणजे मोठ्या इंजिनाला जागा होती, लहान मुलांना जागा होती. दिवसभर गॅरेज किंवा शेती सांभाळून रविवारी गाडी मारणाऱ्या चाळिशीच्या माणसासाठी वेगळा गट नव्हता.

परदेशात असे गट आहेत. अमेरिकेत टेनेसी राज्यात लोरेटा लिन या गायिकेच्या रँचवर १९८२ पासून हौशी रायडर्सची राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा भरते. तिथे तिशीपुढचे 'व्हेट', चाळिशीपुढचे 'सीनियर' आणि पन्नाशीपुढचे 'मास्टर्स' अशी वयाप्रमाणे वेगळी शर्यत होते. यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपापल्या वयाच्या लोकांत खेळायचं, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेचे लाड आपल्याला कशाला? तर मंडळी, वयाप्रमाणे गट ही कल्पना आपल्या मातीत आधीपासून आहे. बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे गट असतात. बैलाचे दात बघून त्याचं वय ठरवतात आणि तरण्या खोंडाला त्याच्याच वयाच्या खोंडांबरोबर पळवतात. कुस्तीत वजनगट असतात. बैलाच्या बाबतीत जे आपल्याला कळतं, ते माणूस गाडीवर बसला की आपण विसरतो.

याची किंमत काय असते ते मी जवळून पाहिलं आहे. माझ्या ओळखीचे एक फिटर काका आहेत, वय त्रेचाळीस. विशीत ते आरएक्स १०० वर डर्ट ट्रॅक रेस मारायचे. पूर्वीच्या रायडर्सचा या गाडीवर एवढा जीव का, ते वजन काट्यावर ठेवलं की कळतं: शंभर किलोच्या आसपास वजन आणि ९८ सीसीचं चपळ टू-स्ट्रोक इंजिन. काकांनी हौसेने ती गाडी परत तयार केली. पोर्टिंग केलं, कार्बोरेटर बदलला, सायलेन्सर बदलला. शॉकअप मात्र जुनेच ठेवले. एका गावच्या शर्यतीत सगळ्यांना एकाच गटात सोडलं. मागेपुढे एकोणीस-वीस वर्षांची पोरं. तिसऱ्या लॅपला काकांचे हात भरून आले, एका उंचवट्यावरून गाडी उतरली ती पुढच्या चाकावर, आणि कॉलर बोन मोडलं. आठ आठवडे गॅरेज बंद. घरात कमावणारे ते एकटेच. आपल्याला असा मार लागला तर फार तर एक सबमिशन लांबतं. काकांच्या घरचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

काकांच्या गाडीत ताकद कमी नव्हती. ती ताकद सांभाळणाऱ्या माणसाचा हिशोब कुणी केला नव्हता. म्हणून चाळिशीच्या रायडरची गाडी करताना इंजिनला हात सगळ्यात शेवटी लावायचा, असं माझं स्पष्ट मत आहे. मग आधी काय करायचं?

पहिलं काम वजन. हिरो मोटोकॉर्पने २०११ मध्ये इम्पल्स नावाची १५० सीसी वर्गातली गाडी आणली होती. कंपनीने ती नंतर बंद केली, पण जुन्या बाजारात ती अजून मिळते. वजन १३४ किलो, मागे मोनोशॉक, इंजिन साधं, एअर-कूल्ड. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, साडी गार्ड, कॅरियर हे सगळं शर्यतीला नको असतं. ते काढलं की फुकटात वजन उतरतं. पडलेली गाडी चढावर उचलताना एकेक किलो कळतो, आणि हौशी रायडर पडतोच. गाडी राहात्याच्या पेरूवाल्यांकडे असतो तशा साध्या काट्यावर चढवा, पुढचं चाक आणि मागचं चाक वेगवेगळं मोजा, मग रायडरला बसवून पुन्हा मोजा. चार आकडे वहीत आले की अर्धं डिझाइन तिथेच झालं.

दुसरं काम शॉकअप. फर्स्ट इयरचं गणित करून बघू. गाडी १२० किलो, माणूस ८०, एकूण २०० किलो. एक मीटर उंचीवरून ही जोडी सपाट जमिनीवर आली आणि सस्पेन्शन २० सेंटीमीटर दबलं, तर सरासरी बल वजनाच्या सहापट, म्हणजे १२०० किलोच्या भाराइतकं. तेच सस्पेन्शन २५ सेंटीमीटर दबू शकलं तर पाचपट, १००० किलो. उतारावर लँडिंग केलं तर हे आकडे बरेच खाली येतात. म्हणून ट्रॅकवर उडीनंतर उतार ठेवतात. पण शॉकअप मधेच संपला, 'ठक' करून खाली टेकला, की उरलेला धक्का कुठे जातो? गुडघ्यात आणि मणक्यात. विशीतला मणका तो एकदा माफ करतो, चाळिशीतला करत नाही.

मग सगळ्यात लांब सस्पेन्शन टाका की, असं वाटेल. इथेच खरी मेख आहे. हिरोच्या एक्सपल्स २०० फोरव्हीचं उदाहरण घ्या. साध्या गाडीत पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटर आणि मागचं १७०. २०२३ च्या प्रो मॉडेलमध्ये तेच २५० आणि २२० केलं. उड्यांना उत्तम. पण त्याबरोबर सीटची उंची ८२५ वरून ८९१ मिलिमीटरवर गेली. साडेपाच फुटी माणसाचे पाय त्या उंचीवर नीट टेकत नाहीत. एका बाजूने धक्का कमी केला आणि दुसऱ्या बाजूने पडण्याची शक्यता वाढवली. याचं उत्तर कॅटलॉगमध्ये सापडणार नाही, त्या माणसाच्या पायाची लांबी मोजूनच सापडेल.

स्प्रिंगबद्दलही एक गैरसमज आहे. प्रीलोडचा नट आवळला की स्प्रिंग कडक झाली, असं गॅरेजपासून हॉस्टेलपर्यंत सगळे म्हणतात. नट आवळल्याने गाडी वर उचलली जाते. स्प्रिंगचा दर, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती बल लागतं, तो तसाच राहतो. साधा नियम असा, की रायडर सगळं सामान अंगावर घालून बसला की मागचं सस्पेन्शन एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे. तेवढं जमवण्यासाठी नट इतका आवळावा लागला, की माणूस उतरल्यावर रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जराही दबत नाही, तर समजायचं की स्प्रिंग मऊ आहे, ती बदलायला हवी. हे तपासायला एक टेप आणि दोन मित्र पुरतात.

तिसरं काम चेन-स्पॉकेट. मागे ४२ आणि पुढे १४ दात असतील तर गुणोत्तर ३. पुढचा एकच दात कमी केला तर ते ३.२३ होतं. मागे तीन दात वाढवले तरी जवळपास तेच, ३.२१. टॉप स्पीड कमी होतो, पण वळणातून बाहेर पडताना क्लच कमी मारावा लागतो, गिअर कमी बदलावे लागतात. दमलेल्या हाताला तेवढाच आराम. इंजिन न खोलता मिळणारा हा सगळ्यात स्वस्त फायदा आहे.

चौथं काम माणूस जिथे जिथे गाडीला भेटतो त्या जागा: हँडल, फूटपेग, लिव्हर, सीट. मोटोक्रॉसमध्ये रायडर बराच वेळ उभा असतो. हँडल खाली असलं तर त्याला वाकावं लागतं, कंबर जाते. लिव्हर चुकीच्या कोनात असली तर मनगट मुडपतं, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगडासारखा होतो. रुंद फूटपेग, थोडं उंच हँडल, मऊ ग्रिप आणि मनगटाला बांधायची किल स्विचची दोरी, एवढ्याने फरक पडतो. बाहा एसएई इंडिया स्पर्धेत आपले सीनियर ज्या गाड्या बनवतात, तिथे बुटक्यात बुटक्या मुलीपासून उंचात उंच मुलापर्यंत ड्रायव्हर नीट बसला पाहिजे असा नियमच असतो. तो धडा आपण बाइकला का लावत नाही?

आपल्या भागातली मातीही लक्षात घ्यायला हवी. शिर्डी-राहाता-कोपरगाव पट्ट्यातली काळी माती पावसात टायरला अशी चिकटते, की चाक मडगार्डमध्ये अडकून बसतं. म्हणून पुढचं मडगार्ड चाकापासून उंच हवं. उन्हाळ्यात तीच माती धूळ होते, म्हणून एअर फिल्टर काढणाऱ्याने आपल्या हाताने पिस्टनला पॉलिश पेपर लावला असं समजावं. ट्रॅक करायचाच तर मुरमाड जागा शोधावी.

काही जण विचारतील, अशी गाडी आरटीओला चालेल का? नाही चालणार, आणि चालूही नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. लाइट काढलेली गाडी नगर-मनमाड रोडवर आणणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय पायी येणाऱ्या साईभक्तांच्या जिवाशी खेळ आहे. ती पिकअपमध्ये टाकून ट्रॅकवर न्यायची आणि तशीच परत आणायची. हेल्मेट, चेस्ट गार्ड, नी गार्ड आणि बूट यांचा खर्च गाडीच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरायचा. उरलेल्या पैशांत गाडी, उलटं नाही.

दुसरा आक्षेप स्टाफकडून येईल: "यात प्रोजेक्ट काय आहे?" सर, मॅडम, मोठ्या आदराने विचारते, सध्या जे प्रोजेक्ट होतात त्यात काय असतं? किती ग्रुप पुण्याला जाऊन तयार मॉडेल आणतात, रंग बदलतात आणि व्हायवाला पाठ केलेलं बोलतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. इथे वजनाची विभागणी आहे, स्प्रिंगचा दर आहे, गिअर गुणोत्तर आहे, एर्गोनॉमिक्स आहे, कायदा आहे. शेवटी एक जिवंत माणूस गाडीवर बसून सांगणार, जमलं की नाही. ही परीक्षा कॉपी करून पास होता येत नाही.

आणि हे करायला आपल्यापेक्षा चांगली जागा कोणती? लुना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना आपल्याच नगर जिल्ह्यातला. वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्थासुद्धा नगरलाच. नाव अहिल्यानगर झालं तरी गाडीशी असलेलं या जिल्ह्याचं नातं जुनंच आहे.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या वर्षी फायनल इयरच्या एका ग्रुपने एक जुनी हलकी गाडी घ्यावी. गावातला एक चाळिशीपुढचा रायडर निवडावा. फिटर, शेतकरी, किंवा आपल्या वर्कशॉपमधला एखादा कर्मचारीसुद्धा चालेल. त्याचं वजन, उंची, हाताची लांबी, पायाची लांबी, जुनी दुखणी हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर यावं. इंजिनची माहिती शेवटच्या पानावर गेली तरी हरकत नाही. आणि गॅदरिंगच्या सुमारास जी माती-शर्यत घ्यायची चर्चा दरवर्षी होते, ती झालीच, तर फेडरेशनच्या नियमांप्रमाणे, डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स उभी करून व्हावी, आणि तिच्यात चाळिशीपुढच्यांचा एक वेगळा गट असावा.

फिटर काका आता बरे आहेत. गाडी विकणार नाही म्हणतात. "या वेळी शॉकअप आधी," असं परवा सांगत होते. त्यांना स्प्रिंगचा दर काढून देणारं कुणीतरी हवं आहे. आपल्या कॉलेजमध्ये तो काढता येणारी निदान साठ मुलं-मुली एका वर्गात बसतात. इच्छुकांनी मेकॅनिकलच्या नोटीस बोर्डाखाली ठेवलेल्या वहीत नाव लिहावं.