‘सेव्ह झाले’ म्हणजे नेमके कुठे?

अमरावती असो की अकोला, ऐन उन्हाळ्यात भरदुपारी लाईन जाणे कुणाला नवे नाही. दुकानातल्या संगणकावर पावतीची नोंद होते, पडद्यावर ‘सेव्ह झाले’ असे उमटते आणि दहा सेकंदांत लाईन जाते. संगणक पुन्हा सुरू केला की ती नोंद गायब! बोलणी ऑपरेटरला बसतात. प्रत्यक्षात अनेकदा त्याची काहीच चूक नसते.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. प्रोग्रॅमने ‘ही माहिती फाईलमध्ये लिही’ असे सांगितले की कर्नल ती सहसा लगेच डिस्कवर लिहीत नाही. आधी मेमरीत उतरवून घेतो आणि ‘झाले’ असे कळवून प्रोग्रॅमला मोकळा करतो. डिस्कवरचे लिखाण मागाहून, सवडीने होते. यालाच असिंक्रोनस लेखन म्हणतात.

बाजार समितीत असेच चालते. हमाल गाडीतली पोती शेडखाली उतरवतात, गाडी मोकळी होते, गोदामात थप्पी नंतर लागते. एकेक पोते थेट गोदामात नेत बसले तर गाड्यांची रांग रस्त्यावर येईल. मात्र मधल्या वेळेत अवकाळी पाऊस आला, तर भिजतो तो शेडमधलाच माल. संगणकाची मेमरी ही अशी शेड आहे. वीज गेली की ती क्षणात रिकामी होते.

हा मधला वेळ किती? लिनक्स कर्नलच्या मूळ सेटिंगनुसार, बदललेली माहिती 30 सेकंद जुनी झाली की ती डिस्ककडे पाठवण्यायोग्य ठरते आणि ही तपासणी साधारण दर 5 सेकंदांनी होते. अशी न लिहिलेली माहिती उपलब्ध मेमरीच्या 10 टक्क्यांवर गेली तर कर्नल आधीच कामाला लागतो. 20 टक्क्यांवर गेली तर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच रोखून धरतो. म्हणजे धोक्याची खिडकी अर्ध्या मिनिटाची, डिस्क धीमी असेल तर त्याहून मोठी. पेनड्राइव्हवर कॉपी संपल्यासारखी दिसते, तरी दिवा लुकलुकत राहतो तो यामुळेच. अँड्रॉइड फोनमध्येही कर्नल लिनक्सचाच आहे. तिथे बॅटरी सांभाळून घेते, एवढेच.

यावर उपाय जुनाच आहे. ‘एफसिंक’ ही आज्ञा दिली की डिस्कने माहिती पक्की झाल्याचे कळवेपर्यंत कर्नल प्रोग्रॅमला थांबवून ठेवतो. त्यात वेळ जातो. स्वस्तात आणि झटपट सॉफ्टवेअर बनवून देणारे ही पायरी गाळतात, ते त्यामुळेच. जलद पावती सगळ्यांना दिसते, अर्धवट लिहिलेली फाईल लाईन गेल्यावरच दिसते. 2019 मध्ये लिनक्समध्ये आलेल्या ‘आयओ-यूरिंग’ या नव्या सोयीने असिंक्रोनस काम आणखी वेगवान झाले. पण तिथेही ‘लिहिले’ असे उत्तर आले म्हणजे डिस्कवर पोहोचले, असे नव्हे. एफसिंक वेगळे मागावेच लागते.

मागूनही घोळ होऊ शकतो, हे 2018 मध्ये पोस्टग्रेस या नावाजलेल्या डेटाबेसच्या जाणकारांच्या लक्षात आले. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर एफसिंक एकदा ‘अयशस्वी’ सांगे. प्रोग्रॅमने पुन्हा विचारले तर ‘यशस्वी’! कारण कर्नलने ती माहिती ‘लिहून झालेली’ समजून खूण पुसलेली असे. पुन्हा प्रयत्न करणे ही भल्याभल्यांची पद्धत इथे उलटत होती. फेब्रुवारी 2019 पासून पोस्टग्रेसने धोरण बदलले: एफसिंक फसले तर सर्व्हर बंद पाडायचा आणि आपल्या रोजनाम्यावरून माहिती पुन्हा उभी करायची. उपाय कठोर आहे, पण हिशेबाच्या कामात खोट्या ‘झाले’पेक्षा बंद पडलेले यंत्र परवडते.

वऱ्हाडात यूपीएस घेण्याचा सल्ला सगळेच देतात आणि तो योग्यच आहे. घरगुती इन्व्हर्टरवर मात्र भिस्त नको. बदलीच्या त्या क्षणात संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. पण सगळा भार दुकानदाराच्या खिशावर का? बाजार समिती, पतसंस्था, ग्रामपंचायत यांनी सॉफ्टवेअर घेताना दोन प्रश्न लेखी विचारावेत: पावती छापण्याआधी एफसिंक होते का, आणि ते फसले तर पावती थांबते का? उत्तर पटले नाही तर चाचणीच्या संगणकावर खोट्या नोंदी कराव्यात, पावती बाहेर येताच प्लग काढावा आणि संगणक सुरू करून शेवटची नोंद शोधावी.