माफ झालेल्या फीसाठी वर्गणी कशाला?

कोर्ट फीसाठी संघटनांनी निधी उभा करावा, अशी सूचना हल्ली बैठकांतून पुन्हा पुन्हा येते. मैत्रिणींच्या हेतूबद्दल शंका नाही, पण या निधीला माझा विरोध आहे. शासनाने माफ केलेले पैसे आपण वर्गणी काढून का भरायचे?

१ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांची कोर्ट फी माफ केली. मालमत्तेचा वाद कुठवर धरायचा यावर वकील भांडले आहेत. पोटगी-घटस्फोटाबद्दल भांडायला जागाच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. ही सेवा म्हणजे नुसता वकील नव्हे, कोर्ट फी आणि समन्सचा खर्चही त्यातच येतो.

आता टेबलावर काय घडते ते पाहा. आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईच्या नवऱ्याचे दुकान बुडाले. ‘इथे सही कर’ म्हटल्यावर तिने कर्जाच्या कागदावर सही केली होती, त्यामुळे ती सहकर्जदार. नवरा वेगळा राहायला गेला, बँकेची नोटीस मात्र हिच्या दारात. पोटगीचा अर्ज घेऊन गेली तर कारकून म्हणाला, “उत्पन्नाचा दाखला आणा.” दाखल्यासाठी रेशनकार्ड हवे, ते नवऱ्याकडे. तीन खेपा, तीन रोज बुडाले. वर प्रतिज्ञापत्राला शंभराचा स्टॅम्प लावायला लावला. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क २००४ मध्येच माफ झाले आहे! कायदा गरीब बाईला देतो आणि टेबल ते काढून घेते, असा हा कारभार.

नवऱ्याचे पालुपद एकच: “माझे दिवाळे निघाले, पोटगी कुठून देऊ?” दिवाळे काढून बायकोची जबाबदारी झटकता येत नाही. १९२० च्या नादारी कायद्यानेही पोटगीच्या हुकुमातून दिवाळखोराला सोडलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर पोटगीचा हक्क सावकार-बँकांच्या हक्कांच्या वर ठेवला. हे बायकांना ठाऊक नसते. नवऱ्याच्या वकिलाला असते.

निधी काढायचाच तर जे कुणी माफ केलेले नाही त्यासाठी काढू या: एसटीचे भाडे, बुडालेला रोज, झेरॉक्स, टायपिंग, तारखेच्या दिवशी पोरे सांभाळायला कुणीतरी. बाई खटला अर्ध्यात सोडते ती बहुतेक वेळा याच खर्चापायी. फीची पावती आपण फाडत राहिलो तर उद्या टेबलावरचा माणूस सांगेल, “संघटनेकडे जा, त्या भरतात.”

आमच्या केंद्रात आता प्रत्येक बाईच्या पिशवीत अधिसूचनेची प्रत असते. दाखला मागितला की तिने एवढेच म्हणायचे, “नाही म्हणत असाल तर लेखी द्या.” लेखी अजून कुणी दिलेले नाही. दोघींचे अर्ज मात्र त्याच दिवशी दाखल करून घेतले.