मामा, ब्रेक तर मारला होता!



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस नुकताच होऊन गेला होता. माझा भाचा वाळूजला एका कंपनीत कामाला आहे. सुटी धरून तो बायको आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन मोटारसायकलवर आमच्याकडे तलवाड्याला यायला निघाला. वाटेत एका गावाजवळ नालीचे काम चालू होते. रस्ता आडवा खोदून त्यावर लोखंडी जाळ्या टाकल्या होत्या. ना फलक, ना दिवा. जाळी अगदी जवळ आल्यावर भाच्याला ती दिसली आणि त्याने ब्रेक दाबला. पुढचे चाक सरकले आणि तिघेही रस्त्यावर पडले.

पोरीला खरचटण्यावर निभावले. भाच्याचा गुडघा सुजला. पण भाचेसुनेचा उजवा हात मनगटात मोडला. ती शिवणकाम करते. दीड महिना हात प्लास्टरमध्ये आणि मशीन झाकलेली. त्यात भाच्याचे आठ दिवस बिनपगारी गेले. ज्याचे घर दोघांच्या कमाईवर चालते, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

मी भेटायला गेलो, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "मामा, ब्रेक तर मारला होता! मग गाडी घसरली कशी?"

त्याचा हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. गावातल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला मी तोच विचारला. तो हसला नाही. म्हणाला, "साहेब, ब्रेक मारला म्हणूनच घसरली. लोखंडावर ब्रेक मारायचा नसतो, लोखंडाच्या आधी मारायचा असतो."

आजच्या लेखाचे सार एवढेच आहे. पण ते नीट समजून घेतले, तर एखाद्या घरातला हात मोडायचा वाचेल, म्हणून सविस्तर लिहितो.

डांबरी रस्ता खरखरीत असतो. टायरचे रबर त्याला धरून चालते. लोखंड मात्र चाकांनी घासून गुळगुळीत होते. त्यावर धूळ आणि ऑइल साचते आणि पहिल्या पावसात त्याचा चिकट थर तयार होतो. जाळीवर तर टायर पूर्ण टेकतच नाही, ते फक्त पट्ट्यांच्या कडांवर उभे राहते. आपल्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढच्या टायरवर लांब सरळ रेघा असतात. जाळीच्या पट्ट्या या रेघांत अडकतात आणि चाकाला कधी डावीकडे, कधी उजवीकडे ओढतात. हँडल आपोआप हलू लागते.

या हलण्याने गाडी सहसा पडत नाही. ती पडते आपल्या घाबरण्याने. आपण हँडल आवळून धरतो, पाय खाली सोडतो आणि ब्रेक दाबतो. टायरची पकड तिथे आधीच थोडी असते. ती सगळी ब्रेकने खाल्ली की चाक फिरायचे थांबते, आणि न फिरणारे चाक दिशा धरू शकत नाही. भाच्याचे नेमके हेच झाले.

कोणी म्हणेल, नव्या गाड्यांना एबीएस असते. एबीएस चाक अडकू देत नाही, हे खरे. पण १ एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचे झाले ते १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय पुरेशी मानली गेली, आणि त्या सोयीने चाक अडकायचे थांबत नाही. आपल्या वस्तीतल्या बहुतेक गाड्या याच गटातल्या किंवा त्याहून जुन्या आहेत.

मग करायचे काय? मिस्त्रीने सांगितले आणि मी स्वतः करून पाहिले, ते असे.

लोखंड लांबून दिसताच, चांगल्या रस्त्यावर असतानाच वेग कमी करा आणि गिअर खालचा टाका. एकदा चाक लोखंडावर गेले की ब्रेक नाही, गिअर बदलणे नाही, अॅक्सिलेटर एकदम पिळणे नाही. आला त्याच संथ वेगाने सरळ पार व्हायचे.

हात सैल आणि मांड्या टाकीला घट्ट. मिस्त्रीच्या भाषेत, "गाडी हाताने नाही, मांडीने धरायची." हँडल थोडे हलले तर हलू द्या. नजर खालच्या फटींवर नको, पलीकडच्या टोकावर ठेवा. पाय पायदानावरच असू द्या.

रेल्वेचे रूळ किंवा पत्र्याची कड शक्यतो काटकोनात ओलांडा. तिरपे गेले की चाक कडेला धरून घसरते. लोखंडावर असताना वळू नका, ओव्हरटेक करू नका. पुढच्या गाडीपासून अंतर राखा, म्हणजे ती थांबली तरी तुम्हाला ब्रेक मारावा लागणार नाही.

भगिनींनो, मागे बसताना पदर आणि ओढणी खोचून घ्या आणि लोखंड आले की अजिबात हलू नका. एका बाजूला पाय सोडून बसल्याने वजन एकीकडे जाते, जमेल तिथे दोन्हीकडे पाय टाकून बसा. भीती वाटली तर हक्काने "थांबवा, मी चालत येते" म्हणा. त्यात कोणाचा कमीपणा नाही.

टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरे किंवा बाणाची खूण असते. तिच्या रेषेत, नक्षीच्या खाचेत रबराचा छोटा उंचवटा असतो. टायर झिजून त्या उंचवट्याला लागले की ते बदलायचे. पैसे नसतात, मला माहीत आहे. पण प्लास्टरचे बिल टायरपेक्षा मोठे येते, हे आम्ही घरात मोजले आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यात मॅकिनॅक नावाचा सुमारे ८ किलोमीटर लांबीचा पूल आहे. १९५७ साली तो वाहतुकीला खुला झाला. त्याच्या आतल्या लेन लोखंडी जाळीच्या आहेत, म्हणजे जोराचा वारा पुलाला न ढकलता आरपार जातो. बाहेरच्या लेन पक्क्या आहेत. शिकागो शहरातल्या उचलत्या पुलांवरही जाळी दिसते, कारण उचलायचा पूल हलका असावा लागतो. तिथल्या मोटारसायकलवाल्यांचेही हँडल जाळीवर नाचते आणि त्यांनाही हेच शिकवतात: हात सैल, वेग एकसारखा, नजर पुढे.

आपल्याकडे अख्खा पूल जाळीचा क्वचितच दिसतो. पण लोखंड आडवे येतेच. रस्त्यावरच्या नालीची जाळी, खड्ड्यावर टाकलेला पत्रा, रेल्वे फाटक, साखर कारखान्याचा वजनकाटा, मोठ्या पुलांच्या सांध्यांवरच्या पट्ट्या. गेवराईहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना शहागडला गोदावरीचा पूल लागतो. अशा पुलांवर पावसात सांधा आला की आता मी आधीच गाडी आवरतो.

मात्र एका ठिकाणी कोणतेही कसब कामाला येत नाही. पूलच गंजलेला असेल तर. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यातल्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. पूल अरुंद, त्यावर पर्यटकांची गर्दी आणि त्या गर्दीत मोटारसायकलीही घातलेल्या. ४ जणांचा मृत्यू झाला, ५० हून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. म्हणून फलक दिसला किंवा पुलावर गर्दी दिसली, तर गाडी घालू नका. लांबचा रस्ता धरा. अर्धा तास जाईल, पण माणूस घरी पोहोचेल.

आता थोडे घरातले बोलू. कायद्याने दुचाकीवर चालकामागे एकच माणूस बसू शकतो. हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे, त्यावर आयएसआय खूण पाहून घ्या. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवे आणि मूल असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. म्हणजे भाच्याने दोघींना घेऊन निघायलाच नको होते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते. लांबच्या प्रवासाला मायलेकींनी एसटीने यावे, हे आम्ही आता ठरवून टाकले आहे. भीमजयंतीच्या मोटारसायकल फेरीत तिघे-तिघे बसून, हेल्मेट न घालता गाड्या पळवणाऱ्या तरुणांनीही हे वाचावे. बाबासाहेबांची जयंती साजरी करणारा पोरगा रात्री धडधाकट घरी यायला हवा.

शेवटची गोष्ट कारकुनाची. रस्त्यावर फलकाविना जाळी किंवा पत्रा टाकलेला दिसला, पुलाचे लोखंड सडलेले दिसले, तर नुसते बोलून सोडू नका. ज्याचा रस्ता त्याला, म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम खाते यांना, अर्ज द्या. अर्जात जागा आणि तारीख लिहा, फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. मी उभी नोकरी कागदातच काढली. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच असलेल्या अर्जाला कधी ना कधी उत्तर द्यावे लागते. भाच्याच्या अपघातानंतर आम्ही पाच जणांनी सह्या करून असा अर्ज दिला. पंधरा दिवसांनी जाळ्यांच्या अलीकडे फलक लागला. छोटासाच, पण लांबून दिसतो.

भाचेसुनेची मशीन आता पुन्हा चालू आहे. जास्त शिवले की मनगट अजून दुखते, म्हणते. परवा भाच्याच्या मागे बसून मी गेवराईला गेलो. वाटेत नालीची जाळी आली. त्याने बऱ्याच अलीकडे वेग कमी केला, हात सैल सोडले आणि गाडी हलत-डुलत पलीकडे गेली. मी काही बोललो नाही. तोच मागे न बघता म्हणाला, "मामा, ब्रेक मारला होता बरं का, पण आधी!"