तहान कशाने भागवावी?

लखनौहून अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिनहट हे गाव लागते; आज ते लखनौ शहरातच सामावून गेले आहे. १८५७ च्या ३० जून रोजी येथे हेन्री लॉरेन्सच्या फौजेचा पराभव झाला. त्या पराभवाच्या कारणांत भर उन्हाची आणि तहानेचीही गणना होते. अवधचा उन्हाळा आजही कडकच आहे. मात्र आज तहानलेल्या वाटसरूच्या हाती सर्वांत सहज येते ती बर्फात ठेवलेली गोड सोड्याची बाटली. ती तहानेवरचा योग्य उपाय आहे काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या बाटलीत मुख्यतः चार पदार्थ असतात : पाणी, कार्बन डायऑक्साइड वायू, आम्ल आणि साखर. पाण्यात हा वायू मिसळण्याची रीत जोसेफ प्रीस्टली याने १७६७ मध्ये इंग्लंडात शोधून काढली. हा वायू बहुतेकांस अपायकारक नसतो. म्हणून नुसत्या सोड्यावर राग धरण्याचे कारण नाही. आम्लाची गोष्ट निराळी. तोंडातील आम्लता वाढून पीएच ५.५ च्या खाली गेला की दातांवरील कठीण कवच विरघळू लागते. कोला पेयांचा पीएच २.५ च्या आसपास असतो. परंतु खरा दोष साखरेचा आहे. अशा पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारणतः १० ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे सात चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५० ग्रॅमपेक्षा कमी, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत, वरची साखर घ्यावी. एकाच बाटलीने ही दुसरी मर्यादा ओलांडली जाते. शिवाय प्यालेल्या साखरेने पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही; जेवण नेहमीइतकेच होते आणि साखर वर पडते. ज्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दहा कोटींहून अधिक लोक मधुमेही आहेत, त्या देशाला ही सवय परवडणारी नाही.

घामावाटे शरीरातून पाणी व मीठ निघून जाते. साखर जात नाही. तेव्हा भरून काढावयाचे ते पाणी आणि थोडे मीठ. हे आपल्या स्वयंपाकघरास पूर्वीपासून ठाऊक आहे. अवधात मीठ-जिरे घातलेला मठ्ठा व सातूचे सरबत, महाराष्ट्रात ताक, नाचणीचे आंबील आणि कोकमाचे पाणी, ही सारी त्याच जातीची पेये होत. येथे एक सावधगिरी मात्र हवी. पन्हे किंवा लिंबू सरबत घरचे आहे म्हणून त्यात सात चमचे साखर घातली, तर बाटली सोडून काय साधले? साखर ही घरचीही साखरच.

राहिला प्रश्न थंडाव्याचा. चिनहटचे नाव ज्या मातीच्या भांड्यांनी दूरवर नेले, त्या मातीतच याचे उत्तर आहे. झिलई न दिलेल्या माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरते व त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते, आणि आतील पाणी गार होते. मुंबईच्या दमट हवेत ही क्रिया मंदावते. अवधच्या कोरड्या उष्ण वाऱ्यात ती जोमाने चालते. झिलई दिलेल्या सुंदर सुरईत मात्र छिद्रे बुजलेली असल्यामुळे पाणी तसे गार होत नाही.

तथापि माठ पाणी गार करतो, शुद्ध करीत नाही. वाटसरू पुष्कळदा गोडीसाठी नव्हे, तर बाटलीतील पाणी निर्धोक असेल या भरवशाने ती विकत घेतो. त्याचा हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. म्हणूनच सोडा सोडण्याचा उपदेश एकट्या व्यक्तीस करून भागणार नाही. शाळा, बसस्थानक, कारखाना आणि बाजार येथे शुद्ध पाण्याची पाणपोई असणे, हे नगरपालिकांचे व मालकांचे कर्तव्य होय. व्यक्तीने रोजची बाटली सणासुदीपुरती ठेवावी. समाजाने तिच्या हाती निर्धोक पाण्याचा पेला द्यावा. या दोन गोष्टी एकत्र घडल्या, तर हा त्याग फारसा अवघड वाटणार नाही.