उंच चिमणीने गंधक जात नाही!



आई-बाबा चंद्रपुरात राहतात, त्यामुळे हा विषय मी जरा जास्तच मनावर घेतो. ११ जुलै २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने देशातल्या सुमारे ७८ टक्के कोळशाच्या वीज-युनिट्सना सल्फर डायऑक्साइडच्या २०१५ च्या मर्यादेतून सूट दिली. अट काय, तर चिमणी ठरलेल्या उंचीची हवी. चंद्रपूर 'ब' गटात, म्हणजे तिथलं केसनुसार ठरणार.

आता कारणं बघा. म्हणे आपल्या कोळशात गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. खरं आहे, पण २९२० मेगावॅटचं केंद्र रोज हजारो टन कोळसा खातं त्याचं काय? म्हणे हवेत हा वायू मर्यादेतच सापडतो. सापडणारच! बराचसा वाटेतच सल्फेटचे बारीक कण होऊन पीएम २.५ च्या खात्यात जमा होतो.

तिसरं कारण तर कमालच. धूर चुनखडीच्या पाण्याने धुतला की जिप्सम मिळतं, पण थोडा कार्बन डायऑक्साइडही सुटतो, म्हणून नको! केमिकलची डिग्री घेऊन आयटीत आलो असलो तरी एवढं गणित अजून येतं. टनभर कोळशातून साधारण १० किलो सल्फर डायऑक्साइड निघतो. तो काढताना ७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. आणि मुळात तो कोळसा जळताना? दीड टनाच्या आसपास. पंपांना लागणारी जादा वीज धरली तरी हे कारण टिकत नाही.

उंच चिमण्या इथे अमेरिकेत १९७० च्या दशकात करून झाल्या. ओहायोकडचा धूर न्यूयॉर्कच्या ॲडिराँडॅक डोंगरातल्या तळ्यांत आम्ल होऊन उतरला. शेवटी १९९० मध्ये कायदा बदलला, आणि २०१० पर्यंत वीजकेंद्रांचा हा वायू एक तृतीयांशावर आला.

बरं, आपल्याकडे जमत नाही असंही नाही. टाटांच्या ट्रॉम्बे केंद्रात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा १९८८ मध्येच बसली. डहाणूत २००७ मध्ये, पण त्यासाठी न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या प्राधिकरणाला वर्षानुवर्षं मागे लागावं लागलं.

खर्च आहेच. सूट दिल्याने युनिटमागे २५-३० पैसे वाचतील असं सांगतात. माझ्या मते चंद्रपूरसारख्या ठिकाणी ते बिलात यावेत, आणि ते मुंबई-पुण्याच्या बिलातही दिसावेत.

'ब' गटाचं काम तज्ज्ञ समितीकडे आहे. चंद्रपूरच्या फाइलवर काय शेरा पडतो, ते कुणाला आधी कळलं तर जरूर कळवा.