मधलें रूप

आपल्या मुलानें संगणकाची कोणती भाषा शिकावी, असा प्रश्न हल्लीं पालक वारंवार विचारतात. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं कंपायलर काय करतो, हें पाहणें इष्ट होईल.

यंत्रास केवळ त्याच्या स्वतःच्या ठराविक आज्ञा कळतात. मनुष्यानें सोयीच्या भाषेंत लिहिलेलें त्या आज्ञांत उतरविण्याचें काम कंपायलर करतो. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला. पुढें भाषा वाढल्या, यंत्रेंही वाढलीं. भाषा ५ व यंत्रें ४ असलीं, तर प्रत्येक जोडीस एक याप्रमाणें २० कंपायलर हवेत! परंतु प्रत्येक भाषा आधीं एका मधल्या रूपांत आणिली, आणि तेथून त्या त्या यंत्राच्या आज्ञा केल्या, तर ५ व ४ मिळून ९ भागांत काम भागतें. शिवाय निरुपयोगी हिशेब गाळण्यासारखी सुधारणा मधल्या रूपावर एकदा केली, कीं तिचा लाभ सर्वांस होतो.

१९५८ सालीं अमेरिकेंत ‘अन्कोल’ नांवाची अशी सार्वत्रिक भाषा सुचविली गेली. ती सिद्धीस गेली नाहीं. कल्पना मात्र टिकली. २००० सालीं इलिनॉय विद्यापीठांत क्रिस लॅटनर व मुंबईच्या आय. आय. टी. चे माजी विद्यार्थी विक्रम अडवे यांनीं ‘एलएलव्हीएम’चें काम आरंभिलें. आज रस्ट, स्विफ्ट, जूलिया इत्यादि भाषा त्याचा आधार घेतात.

मधल्या रूपांत मूळ भाषेचें वैशिष्ट्य हरपतें, असा कोणी आक्षेप घेईल. तो खोटा नाहीं. म्हणूनच रस्टनें त्याच्या आधीं आपलें स्वतःचें एक मधलें रूप ठेविलें आहे, आणि स्मृतीच्या वापराचे तिचे कडक नियम तेथेंच तपासले जातात.

तेव्हां पालकांस आमचें उत्तर असें: आरंभास भाषा कोणतीही चालेल, पण मुलास तिच्या खालचें रूप दिसलें पाहिजे. विद्यार्थ्यांनो, ‘अ गुणिलें २, अधिक ब’ हें कागदावर मांडा. आधीं गुणाकार करा, आलेली संख्या बाजूस ठेवा, मग तींत ब मिळवा. कंपायलरही असेंच करतो. केवळ भाषेचे नियम पाठ करणाऱ्यास भाषा बदलली कीं पुन्हां श्रीगणेशा करावा लागतो. ज्यास विचाराच्या पायऱ्या पाडतां येतात, त्यास नवी भाषा परकी वाटत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.